कंपाउंडवरचा अंबाडा

शेजारच्या अक्का आधी दिसतच नसत, दिसे तो त्यांचा अंबाडा. बनशंकरीतल्या आमच्या घरामागे पोहण्याचा तलाव खणायला घेतला, ही कॉम्प्युटर कंपनीत नव्यानं लागलेल्या धाकट्या भावाची हौस. तेव्हापासून अक्का रोज उपड्या बादलीवर चढून कंपाउंडवरून डोकावत.

"स्वल्प जास्तच खोल झालंय, सरी ना?"

कानडीतलं हे "सरी ना" म्हणजे आपलं "बरोबर ना", पण उत्तराची वाट न बघता अंबाडा खाली. फरशा बसल्या तेव्हा, "घसरेल हं कुणीतरी, सरी ना?" मी तर त्या अंबाड्याची धास्तीच घेतली होती.

अखेर तलाव भरला. रविवारी सकाळी नवेकोरे पोहायचे कपडे चढवून आम्ही सगळे काठावर उभे राहिलो, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की घरात पोहता कुणालाच येत नाही. "तू आधी", "छे, तुम्ही आधी" सुरू झालं.

तेवढ्यात अक्का पूजेचं ताट घेऊन फाटकातून आत आल्या.

"नव्या विहिरीची पूजा करतात, मग याचीही करायला हवी, सरी ना?"

त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि सरळ उडी ठोकली. आम्ही नखशिखांत भिजलो. अंबाडा थेट पलीकडच्या टोकाला वर आला.

"माहेरच्या विहिरीत शिकले. आता एकेक जण उतरा, मी धरते. सरी ना?"

पहिल्यांदाच त्या उत्तरासाठी थांबल्या.

"सरी!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.