शिवरात्रीच्या भाकरी

दुष्काळाच्या त्या वर्षी आम्ही नगरमध्ये भाकरी गोळा करायचो. आम्ही म्हणजे शहरातलेच काही जण, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, पगार कुणालाच नाही. रोज एका गल्लीची पाळी. सकाळी पाट्या घेऊन दारोदार फिरायचं, घरटी दोन भाकरी, वर चटणीचा गोळा, आणि दुपारच्या आत टेम्पो खेड्यांतल्या अन्नछत्रांकडे रवाना. धडधाकट माणसं खडी फोडायला जात, त्यांना मजुरी मिळे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं आणि लेकरांचं पोट आमच्या पाट्यांवर होतं.

आणि आम्ही शहाण्यांनी महाशिवरात्रीलाही एका गल्लीची पाळी लावून ठेवली. त्या दिवशी घरोघरी उपास, कुठे तवाच चढत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. स्वतःच्या घरी साबुदाणा भिजत घालून निघालो होतो, तरी नाही. पहिल्याच दारात बाई हसल्या. "अहो, आज भाकरी कुठली? वाटीभर भगर देऊ का?" पाट्या रिकाम्या परत आल्या. माझं डोकंच फिरलं.

माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या एक बाई ख्रिस्ती वस्तीत राहायच्या. मी तडक त्यांच्याकडे गेले. "आधी नाही का सांगायचं?" एवढंच म्हणाल्या आणि शेजारणींना हाका मारल्या. दुपार व्हायच्या आत दोन पाट्या भरल्या. ज्वारीच्या, गरम. झाकल्या तर घाम धरून चिकट होतात, म्हणून वाफ जाईपर्यंत मी तिथंच थांबले. त्या बायकांनी मला चहा पाजला.

पाट्या घेऊन मंडळाच्या खोलीवर आले तर आमचे अध्यक्ष दारातच उभे. निवृत्त हेडमास्तर, माणूस देवासारखा, पण निर्णय घ्यायचा म्हटलं की पाय मागे.

"वहिनी, घाई नको. खाणारे कोण, कुठल्या घरचे, त्यांना चालेल का? त्यात आज शिवरात्र. उद्या बोभाटा झाला तर सगळंच बंद पडेल."

"सर, त्यांनाच विचारायचं तर भाकरी घेऊनच जाऊ ना."

"सभासदांना बोलावू," सर म्हणाले.

सभासद आले, एकेक करत, निवांत. येताना प्रत्येकाच्या हातात डबा. खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचे लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, शिवरात्र तरी का मागे राहील? खात खात चर्चा सुरू झाली. एक म्हणाले, ह्या भाकरी शहरातच वाटून टाका. दुसरे म्हणाले, सरपंचाला निरोप धाडा. निरोपाचं उत्तर उद्या येणार, आणि तोवर लेकरांनी काय करायचं, हे कुणी बोलेना. मला रागानं रडू येत होतं. इतकी वर्षं झाली, अजून रताळ्याचा कीस पाहिला की तो राग वर येतो.

टेम्पोवाला दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी उठले, एक पाटी उचलली आणि टेम्पोत ठेवली.

"जबाबदारी तुमची," सर म्हणाले.

"माझी तर माझी," म्हटलं. दुसरी पाटी टेम्पोवाल्यानं घेतली.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शाळेच्या ओट्यावर अन्नछत्र सांभाळणारी म्हातारी एकटीच बसली होती. मी आधीच सांगून टाकलं की भाकरी ख्रिस्ती घरांतल्या आहेत. तिनं एक मोडून पाहिली.

"मिलो न्हाई ना?" रेशनवर मिळणारा तो परदेशी तांबडा दाणा कुणाच्या घशाखाली उतरत नसे.

"नाही, ज्वारी."

"मग आना की. लई वाट बघितली, बाई. लेकरं रडाया लागली तवा म्या सांगितलं, आज शिवरात हाय, समद्यांना उपास."

तिनं हाका मारल्या. म्हातारी माणसं आली, लेकरं आली, पाट्या भराभर उतरल्या. एक पोरगी मात्र भाकरी हातात धरून नुसतीच उभी.

"खा की गं," म्हातारी म्हणाली. "लेकरान्ला कुठं उपास आसतोय? म्या आपलं उगं म्हनलं हुतं."

पोरीनं मान हलवली. भाकरी परकराच्या ओच्यात गुंडाळून घेतली आणि मला नीट समजावं अशा बेतानं म्हणाली, "शिवरातीचा उपास सकाळी सुटतो. उद्या खाईन."