पांढऱ्या धातूचा एक नग

त्या धुळवडीची आठवण अजून माझा पिच्छा सोडत नाही. नव्वदीच्या दशकाची अखेर असेल. इगतपुरीकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. हद्दीतलं एक गाव धरणासाठी उठवलेलं होतं. दारं, पत्रे लोकांनी नेले होते, नुसती जोती उरली होती. येत्या पावसाळ्यात तिथं पाणी भरणार होतं.

होळीच्या सकाळी खबऱ्याचा निरोप आला की एक माणूस जुन्या जोत्यावर खणतोय. आठवड्यापूर्वी शेजारच्या गावातल्या देवळातून चांदीचे टाक, म्हणजे देवाचा ठसा असलेले छोटे पत्रे, चोरीला गेले होते. वरिष्ठ रोज विचारत होते. मी लगेच जीप काढली.

त्याच्या पोत्यात पितळी समई, बैलाची घुंगुरमाळ आणि पोचा पडलेला तांब्याचा हंडा निघाला. हंड्यात फडक्यात बांधलेला एक टाक होता. पंच बोलावून पंचनामा केला. तपासल्याशिवाय आम्ही चांदी लिहीत नाही. मी लिहिलं, 'पांढऱ्या धातूचा पत्रा, घोड्यावरील माणसाचे चित्र, एक नग.'

माणूस चाळिशीतला शेतकरी. गाव उठलं तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये देव कुठं ठेवायचे, म्हणून आईनं टाक चुलीखाली पुरला. आता नवं घर बांधून झालं, म्हणून न्यायला आलो, असं तो सांगत होता. मी पावती मागितली. तो हसला.

"साहेब, देवाची पावती कोण ठेवतं? आईला इचारा, ती न बघता वळखंल."

त्या हसण्याचा मला राग आला. मी त्याच्या कानाखाली मारली. आईला बोलावलं नाही. चोरीच्या फिर्यादीतही घोडेस्वाराचा टाक होता, मला तेवढं पुरे वाटलं. उद्या एवढा टाक गंगेवर नेऊन आणू द्या, मग खुशाल कोंडा, अशी विनवणी त्यानं केली. मी अटक दाखवली.

दुसऱ्या दिवशी मला नाशकात बंदोबस्ताला पाठवलं. धुळवडीला तिथं वीर निघतात. घरातल्या अकाली गेलेल्या माणसाचा टाक वाजतगाजत गोदावरीवर, म्हणजे तिथल्या लोकांच्या गंगेवर, नेऊन न्हाऊ घालतात. मी विदर्भातला, हे कधी पाहिलं नव्हतं. घाटावर एका म्हाताऱ्याच्या हातात, खोबऱ्याच्या वाटीत, तसाच घोडेस्वार दिसला. चेहरा पार सपाट. मी कारण विचारलं.

"घासून घासून, साहेब. घरची बाई राखेनं घासती, लेकराचं तोंड धुतल्यावानी. देवळातल्या टाकावर शेंदराची पुटं असत्यात, तो असा झिजत नाय."

माझ्या मुद्देमालातल्या घोडेस्वारालाही नाक-डोळे उरले नव्हते. शेंदूर तर नखभरही नव्हता.

घाटावरूनच ठाण्याला फोन लावला. पण माल जमा झालेला, कोर्टाच्या हुकमाशिवाय तो कुणालाच देता येईना. माणूस दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला. महिन्याभरानं देवळातून चोरलेले टाक दुसरीकडे सापडले, शेंदरासकट. कोर्टाचा हुकूम हातात पडेपर्यंत श्रावण आला आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं.

टाक द्यायला मी स्वतः त्यांच्या नव्या वस्तीवर गेलो. म्हातारीला नीट दिसत नव्हतं. तिनं पत्र्यावरून अंगठा फिरवला.

"हा माझा थोरला. इहिरीत गेला, एकुणीस वरसाचा व्हता."

मग विचारलं, इतके दिवस याला कुठं ठेवलं होतं? मी सांगितलं, कपाटात, सील करून, नंबर घालून.

"म्हंजे यंदा पारोसाच ऱ्हायला," ती म्हणाली. "फुडल्या धुळवडीला तुमीच न्या ह्याला. मी येती संगं."

मला माफी मागायची होती. ज्याला मी मारलं होतं तो धाकटा दारात उभा होता. "न्या साहेब," तो म्हणाला. "आमी पावती नाय मागनार."

पुढच्या धुळवडीला वर्दी उतरवून मी तो टाक गंगेवर नेला. म्हातारी माझ्या दंडाला धरून पायऱ्या उतरली. त्यानंतर नोकरीत शेकडो पंचनामे केले. वस्तू काय आहे हे लिहिण्याआधी ती कुणाची आहे हे विचारायचं, एवढं मी तिथं शिकलो. त्या होळीला विचारलं असतं, तर सांगणारी आई जीपनं दहा मिनिटांवर होती.