राहीबाईच्या विहिरीचं पाणी

पेल्यात उरलेलं पाणी कुणी अंगणात भिरकावलं की राहीबाईच्या कपाळाला आठी पडायची. पाहुणा असो नाहीतर सरपंच, ती तोंडावर सांगायची, "आवं, प्यायचं तेवढंच घ्यावं की माणसानं." ती आटपाडीकडची. तिचं निम्मं लहानपण टँकरच्या मागं धावण्यात गेलं आणि निम्मं दुसऱ्याच्या दारात कळशी घेऊन उभं राहण्यात. एकदा एका घरानं "आमच्यापुरतंच हाय" म्हणून तिला माघारी लावलं होतं. साठी उलटली तरी ते शब्द तिला गिळता आले नव्हते. लग्न होऊन मलकापूरजवळच्या या उसाच्या गावात आली, तेव्हा परसातली तुडुंब विहीर बघून ती काठावरच बसून राहिली. फौजेत असलेला तिचा नवरा लालासाहेब हसला, "मला बघून एवढी खूश झाली न्हाईस गं." बिचाऱ्याचं खरं होतं. आपल्या दारातून पाण्यावाचून कुणी माघारी जायचं नाही, हे तिनं त्या दिवशी ठरवलं आणि पुढं निभावलं.

पेन्शनीत आल्यावर लालासाहेबाला साखरेचा आजार लागला. दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. पण त्या खाण्यापेक्षा साठवण्याची हौस त्याला जास्त. फौजी माणूस, रसद हाताशी असली म्हणजे त्याला बरं वाटे. उन्हाळ्यात तो गेला, तेव्हा त्याची लोखंडी पेटी गोळ्यांनी भरलेली होती. तेराव्यानंतर कपडे वाटले, बाज पुतण्यानं नेली, पेटी तेवढी राहिली. गेलेल्या माणसाचं औषध घरात ठेवत नाहीत आणि दुसऱ्याला तर देतच नाहीत. नदीत सोडावं, तर खाली कुणीतरी पाणी भरत असणार. राहीबाईनं बराच विचार केला आणि तिला गोबरगॅस आठवला. शिळा भात घाला, सडकी भाजी घाला, शेणाच्या पोटात सगळं जिरतं, हे ती रोज बघत होती. तिनं एकेक गोळी पाकिटातून सोलून काढली, डोळे पुसत शेणात कालवली आणि टाकीत सोडली. टाकीतून निघणारी स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेलं पातळ शेण, विहिरीच्या वरच्या अंगाला एका खड्ड्यात साचायची. खड्डा मातीचाच, झिरपणारा. पण असल्या शंका तेव्हा कुणाला येतात? आपण कुणाला त्रास न देता काम उरकलं, याचं तिला समाधानच वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून अश्लेषा आली. ही राहीबाईच्या भावाची मुलगी, जंतूंवर काहीतरी मोठं शिक्षण चाललेलं. करंजीचं सारण परतता परतता राहीबाईनं सहज विचारलं, "तू त्या कालिजात करतीस तरी काय, पोरी?"

"आत्या, आतोबा साखरेची गोळी घ्यायचे ना, त्याच गोळीवर काम करते. ती शरीरात मोडत नाही, जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडते. मग सांडपाण्यातले काही जंतू तिचे तुकडे करतात. एक तुकडा खातात, दुसरा त्यांना पचत नाही. तू ऊस खाऊन चोथा थुंकतेस ना, तसा ते तो बाहेर टाकतात. जंतूच्या अंगाला प्रोटीनची बारीक बारीक दारं असतात. त्यातलं एक दार नेमकं हाच तुकडा बाहेर ढकलतं, असं आता कळलंय."

राहीबाईचा उलथणं धरलेला हात थांबला. "भाईर म्हंजे कुटं?"

"पाण्यात. दुसरीकडं कुठं जाणार?"

"मंग जिरत न्हाई ते?"

"जंतूंपुरतं जिरतं. पाण्यातून नाही जात."

"इख असतंय व्हय गं?"

"विष नाही म्हणता यायचं. पण माणसाला त्यानं काय होतं, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. अगं, सारण करपतंय!"

सारण करपलंच.  समोर राहीबाईची सून शिवांजली पाटावर बसली होती, सातवा महिना चाललेला. मुलगा वीरधवल तिकडं सरहद्दीवर आणि इकडं त्याची बायको रोज त्याच विहिरीचं पाणी पीत होती. अश्लेषाला सांगावं असं तोंडापर्यंत आलं. पण नवऱ्याच्या माघारी आपण घरच्या विहिरीत काय घालून बसलो, हे सुनेसमोर बोलायला जीभ रेटेना. अश्लेषा दुसऱ्या दिवशी निघून गेली.

मग राहीबाईनं एक रीत काढली. सरळ ठोकून दिलं, "आमच्या माहेरी सातव्यापासनं गरवार बाईला विहिरीचं पाणी देत न्हाईत. नळाचंच प्यायचं." आटपाडीत विहिरींना पाणीच नसायचं, तिथं असली रीत कुठून असणार? पण शिवांजली हसून "बरं" म्हणाली. राहीबाई पहाटे उठून चावडीजवळच्या नळावरून घागरी आणू लागली. खड्ड्यातली स्लरी तिनं पाटीपाटीनं उपसून लांब नेऊन टाकली. पण आत मुरलं ते कसं उपसायचं? स्वतः मात्र ती विहिरीचंच पाणी प्यायची, मुद्दाम, तांब्या भरभरून. काय व्हायचं ते आपल्याला आधी होऊ दे, म्हणजे कळेल तरी. रोज उठल्यावर आरशात जीभ बघायची, हाताला कंप आहे का बघायची. म्हशीनं वैरण टाकली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. पाणी तर तसंच होतं, नितळ आणि गोड. त्याची तिला जास्तच भीती वाटायची. गढूळ झालं असतं, वास आला असता, तर निदान शत्रू दिसला असता.

अशातच ऊसतोडीची टोळी शेतात उतरली. दरसाल टोळीचं पाणी याच विहिरीवर. पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या आधीच एक बाई कळशी घेऊन परसात आली, पाठीला तान्हं बांधलेलं.  हिला कुठली माहेरची रीत सांगायची?

"हितलं पाणी न्यायचं न्हाई," ती आडवी उभी राहून म्हणाली.

"आवं, दरसाली इथंच भरतो की."

"औंदा न्हाई."

"का बरं बाई? पाणीच मागतोय, दुसरं काही न्हाई."

राहीबाईच्या तोंडून भलतेच शब्द निघून गेले. "आमच्यापुरतंच हाय."

बाई एकदा तिच्याकडं आणि एकदा काठोकाठ भरलेल्या विहिरीकडं बघून रिकामी कळशी घेऊन वळली.  राहीबाई काठावर मटकन बसली आणि पोरीसारखी रडायला लागली.

शिवांजली दारातून सगळं ऐकत होती. लगबगीनं येऊन म्हणाली, "आई, आवं काय झालं? तुमी कुणाला पाण्याला न्हाई म्हणताय?"

मग सगळंच बाहेर पडलं. पेटी, गोळ्या, शेण, जंतूंची दारं, खोटी रीत. शिवांजलीचा हात पोटावर गेला. इतके महिने तीही हेच पाणी प्यायली होती. तिनं तिथूनच अश्लेषाला फोन लावला. अश्लेषा म्हणाली, कदाचित काहीच नसेल, पाण्यात उतरलंही नसेल, पण तपासल्याशिवाय कुणी पिऊ नका, मी बाटल्या घेऊन उद्याच येते. तिचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

फोन ठेवून शिवांजलीनं विचारलं, "मला नळाचं पाजता, मंग तुमी कुठलं पिता?"

राहीबाईनं बाजूचा तांब्या पदराआड केला. "कुणावर तरी कळाय नगं व्हय? म्हातारीवर कळंल आदी."

शिवांजलीनं तो तांब्या तिच्या हातातून ओढून घेतला आणि पाणी मातीत ओतून दिलं. "आणि तुमाला काय झालं तर या लेकराला कोण बघणार? मी एकटी?" ती ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग नळाच्या पाण्याची घागर राहीबाईनं कमरेवर घेतली आणि दोघी टोळीकडं निघाल्या. ती बाई कोपीची दोरी आवळत होती. तिनं यांना बघूनही मान वळवली.

"विहीर माझ्या हातनं नासलीया, बाई," राहीबाई म्हणाली. "म्हणून न्हाई म्हणलं. पाणी आणलंय."

बाईनं हातातली दोरी सोडली.  मग तिनं कळशी पुढं केली. राहीबाई ओतायला लागली, पण हात इतके कापत होते की पाणी कळशीत कमी आणि मातीत जास्त चाललं होतं, आणि आज तिच्या कपाळाला आठी पडली नाही.