अकरावं कलम

सुचिताने तो करार माझ्याकडे वाचायला आणला, यात तिची काही चूक नाही. चूक माझी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी चौतीस वर्षं हेडक्लार्क होतो, आणि इंग्रजी कागद समजावून सांगायची खोड मला रिटायर झाल्यावरही गेलेली नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला कसलीही नोटीस आली की ‘सुधीरकाकांना दाखवा’ हे ठरलेलंच.

सुचिता समोरच्या घरात भाड्याने राहायची. वय एक्केचाळीस. नवरा वारलेला, मुलगी दीक्षा बारावीला, आणि लातूरकडच्या गावाहून आणलेली आई, सुंदराबाई. सुंदराबाईंची डावी बाजू लकव्याने गेलेली. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं सगळं सुचिता करायची आणि मग एका खाजगी हॉस्पिटलात जाऊन बारा तास परक्यांचं तेच करायची. सोळा हजारांत. वर तोंडभरून हसायची. एवढं हसायला तुला परवडतं कसं, असं मी एकदा चिडून विचारलं.

“हसण्यावर जीएसटी नाय लागत काका,” ती म्हणाली.

करार मस्कतचा होता. एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल, दोन वर्षं. पगार पंचेचाळीस हजार. राहणं, जेवण, औषधपाणी त्यांचंच. मी चष्मा पुसला, फुलस्केप कागद काढला आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला ‘जाणं’, दुसऱ्या बाजूला ‘राहणं’. ‘जाणं’खाली एकेक फायदा लिहीत गेलो. अकरावं कलम वाचून तर मी खूशच झालो: आई किंवा वडील वारल्यास जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट आणि पंधरा दिवसांची भरपगारी रजा. माझे वडील गेले तेव्हा आमच्या कंपनीने तीन दिवस दिले होते, तेही बिनपगारी. मी ते कलम फायद्यांत लिहिलं आणि शेजारी बरोबरची खूण केली.

‘राहणं’खाली मी एकच शब्द लिहिला होता. आई.

“काका, ह्या साइडला एकच लिहिलंय.”

“एकच आहे ना?”

“हो. पन आजारपणाचं काय? आई सीरियस झाली तर?”

मी कागद पुन्हा चाळले. “तसं काही नाही. फक्त वारल्यावर.”

“म्हणजे मरेपर्यंत टेन्शन नाय,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. हे लिहिताना मला लाज वाटते.

पंधरा दिवस ती हो-नाही करत राहिली. दीक्षाला नर्सिंगला घालायचं होतं आणि तिथली फी सोळा हजारांत बसणारी नव्हती. शेवटी तिने आईलाच विचारलं. मी तिथेच होतो, दीक्षाचा कसलासा फॉर्म भरत. सुंदराबाईंचं बोलणं जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं.

“कवा येशील?”

“दोन वर्षांनी.”

म्हातारीने चांगल्या हाताने पदर सारखा केला. “जा मग. तवर म्या मरत न्हाई.”

फेब्रुवारीत सुचिता गेली. जाताना माझ्या दारात हात जोडून “जय भीम काका, आईकडे बघा,” म्हणाली. सुंदराबाईंजवळ दिवसा बसायला एक बाई ठेवली होती, संध्याकाळी दीक्षा असायची. पैसे वेळेवर येत. दीक्षाला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मीच बिल्डिंगभर पेढे वाटले आणि आपला हिशेब कसा चोख निघाला हेही सगळ्यांना ऐकवलं.

नोव्हेंबरात सुंदराबाईंना न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. सुचिताने रजा मागितली. मालकीण वाईट नव्हती, पण तिने करार पुढे केला. मधेच निघून आली तर नोकरी जाणार, वर व्हिसाचा खर्च भरून द्यावा लागणार. म्हणजे दीक्षाचं कॉलेज बंद.

“काका, पुन्हा वाचा ना. कुठंतरी असेल.”

मी तीनदा वाचलं. नव्हतं.

मग रोज सकाळी तिचा फोन येऊ लागला. पहिले दोन दिवस ती नुसती रडली. तिसऱ्या दिवशी कळलं, की अकराव्या कलमाची वेळ आलीच तर म्हणून मालकिणीने बदली बाई बघून ठेवली आहे आणि विमानात जागा आहेत का तेही विचारून ठेवलं आहे. चौथ्या दिवशी सुचिता म्हणाली, “बॅग भरलीय काका. आईसाठी शाल घेतली होती. ती नाय भरली.”

पाचव्या दिवशी तिने विचारलं, “डॉक्टर काय म्हणतात? आज, की उद्या?” आवाज सरळ होता, हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसा. मी तिला फटकारणार होतो. पण रोज सकाळी वॉर्डात शिरताना मीही तेच मनात धरून शिरत होतो. तिला घरी यायला तेवढा एकच रस्ता होता, आणि त्याच्यापुढे मीच बरोबरची खूण केली होती.

सातव्या दिवशी वॉर्डात गेलो तर सुंदराबाई उशीला टेकून बसलेल्या. ऑक्सिजन काढलेला. दीक्षा त्यांना चमच्याने चहा पाजत होती.

“सुचीला सांगा,” त्या म्हणाल्या, “म्या म्हनले व्हते, मरत न्हाई.”

मी बाहेर येऊन फोन लावला. आनंदाने मी जवळजवळ ओरडलोच. “अगं, आई उठून बसलीय! चहा घेतेय!”

पलीकडून बारीक आवाज आला, “म्हणजे आता नाय यायचं.”

मी वॉर्डाच्या दारापासून दोन पावलं लांब सरकलो.

“काका, मी काय बोलले? आत्ता मी काय बोलले?” आणि ती ओरडूनच रडायला लागली. तिच्या मागे कुणी म्हातारी परक्या भाषेत तिला हाका मारत होती. फोन बंद झाला. पुन्हा लावायचं धैर्य मला झालं नाही.

आत आलो तर सुंदराबाई दाराकडेच बघत होत्या.

“खूश झाली का लेक?”

“खूप,” मी म्हटलं.

“आनिक सव्वा वरीस ऱ्हायलं ना?”

“हो.”

“ऱ्हाते की मग,” त्या म्हणाल्या, आणि दीक्षाच्या हातातल्या चमच्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.