सांताच्या बाहीचा वास

भिंगारला आमच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री चर्चमधली तरुण मुलं घरोघर गाणी म्हणत यायची. त्यांच्यातलाच एक जण सांता व्हायचा. त्याला तोंड उघडायची बंदी असे, कारण बोलला की पोरं आवाजावरून ओळखायची. भेटवस्तू आईवडीलच आधी गुपचूप त्या मुलांकडे देऊन ठेवतात, हे मला दहाव्या वर्षी कळलं होतं. धाकट्या भावाला सांगितलं नव्हतं, तो लगेच भोकाड पसरायचा.

त्या वर्षी माझा संशय वेगळाच होता. पप्पा लांबच्या साखर कारखान्यात होते. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की तिकडेच खोली घेऊन राहायचे.

"सीझन चालू हाय, नाताळाला रजा न्हाई मिळत," आई म्हणाली. पण म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मग पप्पांना आवडतात तशा तिखटजाळ चकल्या केल्या, आणि आम्हाला एकही दिली नाही. त्यांचा फोन आला की मोबाईल घेऊन गच्चीत जायची, मी गेले की गप्प. कुठंतरी पाणी मुरत होतं. सांता बोलत नाही, दाढीत चेहरा दिसत नाही, म्हणजे यंदा सांता पप्पाच होणार. मला ते इतकं हवं होतं की दुसरं काही सुचतच नव्हतं.

पकडायचं कसं, तेही ठरवलं. पप्पांच्या अंगाला कारखान्यातल्या मळीचा वास यायचा, साखर काढल्यावर उरते त्या काळ्या चिकट रसाचा, आंबूस गोड. दोनदा अंघोळ केली तरी जायचा नाही.

सांता आला. उंची बरोबर होती. मी त्याचा हात धरला आणि बाहीला नाक लावलं. डांबरगोळ्या. तळहात हुंगला, तर पावडर.

"कुत्र्यावानी काय हुंगतीस त्याला?" आई म्हणाली. सांताला हसू आवरलं नाही, आणि तो मागच्या गल्लीतला दादा निघाला.

मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं मी घाबरले. मी आत जाऊन बसले, माझं पुडकं फोडलंसुद्धा नाही. भावानंच फोडलं. आत निळा स्वेटर होता.

"शी, कसला वास मारतोय," तो म्हणाला.

मी तो हिसकावून तोंडाला लावला. मळी.

आई दारात उभी होती. "दिवाळीपासून त्यांच्या खोलीत पडून हुता," ती म्हणाली. "कारखान्याच्या टेम्पोवाल्यासंगं पाठवला. फोनवर तेच चाललं हुतं. चकल्या उद्या त्याच टेम्पोनं जायच्यात. दे इकडं, धुऊन देते."

मी दिला नाही. थंडी सरेपर्यंत तो स्वेटर मी कुणाला धुऊ दिला नाही.