फेक्या दादूस आणि माझं लाटणं

प्रिय अर्णव आणि ईरा,

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या क्वार्टर्सशेजारच्या मोरिवली गावचा फेक्या दादूस गेला. अर्णव, तू शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे आपल्याकडचा गोलंदाजच आहेस, म्हणून त्याची हकिकत तुझ्याकडे असायला हवी. फोनवर सांगितली असती तर तुम्ही "ओके आजी" म्हणून मोकळे झाला असतात.

दादूसची भाजी आमच्याकडे जिन्याने कधी आली नाही. आम्ही तेव्हा अंबरनाथला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. तो खालून हाक मारायचा आणि शेतातल्या भाजीची पिशवी थेट गॅलरीत टाकायचा. टोमॅटोसुद्धा. एकही फुटला नाही. "बाय, तू फकस्त बाजूला हो," एवढीच सूचना.

रविवारी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचे टेनिस बॉल क्रिकेटचे संघ त्याला मानधन देऊन गोलंदाजीला न्यायचे. त्याचा चेंडू फलंदाजाला दिसायचाच नाही, कारण तो कोपर वाकवून चक्क फेकायचा. नावच फेक्या; तरी बोलत कोणी नव्हतं.

मग एका रविवारी तुमचे आजोबा पंच म्हणून उभे राहिले. कंपनीत माल तपासणारा माणूस! एका षटकात चार नोबॉल दिले. दादूसची पुढची सगळी बोलावणी बंद झाली.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत फक्त कारली येऊ लागली. आजोबांना कारलं बघवत नाही, हे साऱ्या मोरिवलीला ठाऊक होतं. मी जाब विचारला, तर खालून उत्तर आलं, "सायबांना सांग, यो पन नोबॉल हाय."

आठव्या दिवशी तो पहिल्यांदाच जिना चढून आला आणि माझं लाटणं मागितलं. ते कोपराला सुतळीने बांधून तो शेतात सरळ हाताचा सराव करू लागला. सुतळी घसरू नये म्हणून विळ्याने दोन खाचा पाडल्या, मला न विचारता. दोन महिने मी पोळ्या बाटलीने लाटल्या.

मोसमाच्या शेवटच्या सामन्याला बदलापूरच्या एका संघाने त्याला भीत भीत घेतलं. पंच पुन्हा आजोबाच. आणखी एक नोबॉल, की कायमचं घरी. या वेळी हात सरळ होता, पण चेंडू इतका सावकाश आला की जुन्या वेगाच्या धास्तीने फलंदाज आधीच बॅट फिरवून बाद होत गेले. आजोबांनी एकही नोबॉल दिला नाही. सकाळी गॅलरीत त्यांच्या आवडीच्या वालाच्या शेंगा आल्या. पुढे खांदा जाईपर्यंत दादूस बोलावण्यावर खेळला.

गेल्या दिवाळीत तो इथे बदलापूरला, कात्रपच्या घरी आला, तेव्हा मी त्याला अर्णवचा चेंडू टाकतानाचा व्हिडिओ दाखवला. त्याने तीनदा पाहिला.

"पोऱ्या कोपर वाकवतं, नि पंच गप?"

मी म्हटलं, या खेळात चालतं. त्याने स्वतःचं कोपर एकदा वाकवून, एकदा सरळ करून पाहिलं.

"देवानं मना चुकीच्या खेळान घातला गो."

लाटणं माझ्याकडे आहे. त्या लाटण्याने लाटलेल्या पोळीवर अजून दोन रेघा उठतात.