पूजेसाठी बंद केलेला कॉम्प्युटर

“बाई, पावसाळाभर चालून राह्यलं ना? मंग आता काऊन खोट काढता?” मॅनेजर वानखेडेभाऊंनी माझा रिव्ह्यू न वाचताच परत दिला.

गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यातली गोष्ट. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरने वजन दिल्याशिवाय भरलेला ट्रक गेटबाहेर जात नाही. त्याचा कोड तपासायला मला बोलावलं होतं. मी कॉलेजात नाही, घरी मोडतोड करून हे शिकले.

या कॉम्प्युटरात हायपरवायझर नावाचा प्रोग्राम आहे, तो म्हणजे घरमालक समजा. खरा कॉम्प्युटर एकच, त्यात तो दोन-तीन भाडेकरू ठेवतो. प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर माझंच. काट्याचा प्रोग्राम, म्हणजे आपला काटा, हा त्यातला एक भाडेकरू. तो उठला की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वजनाचा आकडा कॉम्प्युटरात आणणाऱ्या कार्डाशी बोलणारा कोड, कार्डाला विचारतो, “तयार आहेस का?” घरमालकाने कार्ड अजून दिलंच नसेल, तर उत्तर येत नाही. आणि हा गडी एकदाच विचारून जन्मभर वाट पाहतो. बसवताना इंजिनियरने हाताने कार्ड आधी जोडलं, मग काटा सुरू केला. त्यानंतर कोणी बंदच केला नाही. हेच मी रिव्ह्यूत लिहिलं होतं.

“भाऊ, माझ्यासमोर एकदा बंद करून चालू करा.”

“चालू हाय त्याले बंद कायले करायचं?”

“चालू गाडी पाहून तिचा सेल्फ कसा हाय, हे समजते का?”

“तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणून सही करा, बाई.”

सही मी केली नाही. वानखेडेभाऊंनी स्वतःच केली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा. फिटर मारोतीभाऊ हळदकुंकू घेऊन उभे. “चालत्या यंत्राले कुंकू लावत नाई, साहेब.” वानखेडेभाऊंनी लगेच सगळं बंद करायला लावलं. झेंडूचा हार, नारळ, आरती, पेढे. मग बटण दाबलं. काटा वाट पाहत बसला. गेटपर्यंत ट्रकांची रांग लागली. सणाला घरी निघालेले ट्रकवाले वानखेडेभाऊंच्या खिडकीशी आले.

“साहेब, पूजा आमची बी करता का आता?”

मला फोन आला. मी जाऊन हाताने कार्ड आधी जोडलं, मग काटा उठवला. ट्रक हलले. पेढा तेवढा संपला होता. कोडमध्ये मी एवढंच बदललं, की थोडं थांब, पुन्हा विचार, नाहीच आलं उत्तर तर तसं सांग. हा बदल पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होईल तेव्हा लागू होणार होता.

वानखेडेभाऊंनीही धडा घेतला. त्यांनी सूचना लावली की यापुढे काट्याचा कॉम्प्युटर चालू ठेवूनच पूजा करावी.

आता मारोतीभाऊ कुंकू टेबलाला लावतात. माझी दुरुस्ती आत तशीच आहे, एकदाही न चाललेली. बरोबर आहे का, असं लोक विचारतात. मी म्हणते, बंद करू द्या, मग सांगते.